परकी किल्ली

वार्षिकाच्या मराठी विभागांत दरवर्षीं एखाद्या शिक्षकानें चार शब्द लिहावे अशी आपल्या शाळेची प्रथा आहे. यंदा ती पाळी प्रस्तुत लेखकावर आली. "पुन्हां सद्वर्तनावरील निबंध!" असें म्हणून बालमित्रांनीं पान उलटूं नये, म्हणून आरंभींच सांगतों कीं आजचा विषय नोंदवह्यांचा आहे, त्यांतही कागदी नव्हे, तर संगणकाच्या पोटांत ज्या नोंदवह्या ठेवितात त्यांचा. त्या वह्या एकमेकींशीं बांधणारी एक लहानशी कडी आहे. इंग्रजींत तिला 'फॉरिन की' म्हणतात. मराठींत शब्दशः 'परकी किल्ली' म्हणावें लागेल. तिच्याविषयीं माझें एक निश्चित मत बनलें आहे. तें पुस्तकें वाचून बनलेलें नाहीं. एका चुकीनंतर बनलें आहे, आणि ती चूक माझीच होती.

मत थोडक्यांत असें. जी नोंद दुसऱ्या नोंदीच्या आधारावर उभी असते, तिचा तो आधार खरोखर अस्तित्वांत आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम माणसाच्या स्मरणावर किंवा सद्हेतूवर सोडूं नये. तें दप्तराच्या नियमांतच बांधून टाकावें. घाईसाठीं अगर सोयीसाठीं जो हा नियम गाळतो, त्याच्या आळसाचा भुर्दंड त्याला स्वतःला क्वचितच पडतो. तो पडतो पुढें कधीं तरी कचेरीच्या दारांत येऊन उभ्या राहणाऱ्या गरजू माणसाला.

प्रथम विषयाची ओळख करून घेऊं. शाळेच्या कचेरींतील लाकडी कपाट उघडलें तर त्यांत पांचसहा प्रकारच्या वह्या आढळतात. त्यांत सर्वांत मानाची वही म्हणजे जनरल रजिस्टर, जिला आपण दाखल-खारीज नोंदवही म्हणतों. मूल शाळेंत आलें कीं त्याचें संपूर्ण नांव, आईचें नांव, जन्मतारीख, जन्मगांव, पूर्वीची शाळा हें सर्व तिच्या एका ओळींत लिहिलें जातें, आणि त्या ओळीला एक क्रमांक मिळतो. शेजारीं हजेरीपत्रक असतें, फीचें पुस्तक असतें, परीक्षेच्या गुणांचें रजिस्टर असतें, ग्रंथालयाच्या देवघेवीची वही असते. आतां समजा, ह्या प्रत्येक वहींत मुलाचें नांव, गांव व जन्मतारीख पुन्हां पुन्हां लिहिली. एका वहींत 'सोनवणे', दुसरींत 'सोनावणे', तिसरींत नुसतीं आद्याक्षरें, असें होण्यास वेळ लागत नाहीं. मुलगा एकच, पण दप्तराच्या दृष्टीनें ते तीन झाले. उलट, एकाच वर्गांत एकाच नांवाचे दोन मुलगे असले तर दप्तर त्या दोघांना एक समजूं लागतें. जन्मतारीख दुरुस्त करावयाची झाली तर ती पांच ठिकाणीं दुरुस्त करावी लागते, आणि अनुभव असा आहे कीं ती चारच ठिकाणीं दुरुस्त होते.

ह्यावर जुन्या लेखनिकांनीं काढलेला उपाय साधा आहे. मुलाची माहिती एकाच ठिकाणीं लिहावयाची. इतर वह्यांत त्याचा केवळ क्रमांक लिहावयाचा. गुणांच्या रजिस्टरांत '३१२७, गणित, ६८' एवढें असलें म्हणजे पुरे. हा ३१२७ कोण, हें ज्याला पाहिजे असेल त्यानें दाखल-खारीज नोंदवही उघडावी. मूळ वहींत हा क्रमांक मुख्य किल्ली असतो. म्हणजे त्या क्रमांकाची ओळ तेथें एक आणि एकच असते. तोच क्रमांक गुणांच्या वहींत लिहिला म्हणजे तो तेथें पाहुणा होतो. तो दुसऱ्या वहीचें कुलूप उघडणारी किल्ली असतो. म्हणून तेथें त्याला परकी किल्ली म्हणावयाचें. ह्या 'परकी' शब्दांत तिरस्कार मुळींच नाहीं. 'दुसऱ्या घरची' एवढाच त्याचा अर्थ. सासरीं नांदणाऱ्या लेकीमुळें दोन घराण्यांचा संबंध राहतो, तसा ह्या पाहुण्या क्रमांकामुळें दोन वह्यांचा संबंध राहतो.

हीच गोष्ट यंत्राला शिकविण्याचें श्रेय एडगर कॉड ह्या गणितज्ञांकडे जातें. इ. स. १९२३ सालीं इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते ब्रिटिश विमानदलांत वैमानिक होते. ऑक्सफर्ड येथें शिक्षण घेऊन पुढें ते अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीच्या नोकरींत शिरले. त्यांच्या पूर्वीं यंत्रांत मोठीं दप्तरें नव्हतीं असें नाहीं. चंद्रावर माणूस पोंचविणाऱ्या अपोलो मोहिमेच्या अग्निबाणाचे असंख्य सुटे भाग नोंदण्यासाठीं ह्याच कंपनीच्या साह्यानें 'आय. एम. एस.' नांवाची व्यवस्था १९६८ च्या सुमारास उभी राहिली होती. तिची रचना वंशवृक्षासारखी होती. चार्ल्स बाखमन यांनीं निर्माण केलेल्या दुसऱ्या एका प्रकारांत नोंदी एकमेकींना साखळीनें जोडलेल्या असत. दोन्ही प्रकारांत माहिती काढणाऱ्याला तिच्याकडे जाण्याची वाट ठाऊक असावी लागे. १९७३ सालीं ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांत स्वतः बाखमन यांनीं प्रोग्राम लिहिणाऱ्याला समुद्रांत वाट काढणाऱ्या नाविकाची उपमा दिली, ती ह्याच कारणानें. वाट बदलली कीं तिच्यावर विसंबून लिहिलेलें सारें काम मोडून पडे.

जून १९७० मध्यें कॉड यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि कोष्टकांचा परस्परसंबंध वाटांनीं व साखळ्यांनीं न जोडतां त्यांत लिहिलेल्या मूल्यांनींच जोडावा, असा त्याचा आशय होता. मुख्य किल्ली आणि परकी किल्ली हे दोन्ही शब्द त्याच निबंधांत आहेत. त्यांनीं दिलेलें एक उदाहरण कर्मचाऱ्यांचें आहे: कर्मचारी एका कोष्टकांत, त्याच्या नोकरीचा इतिहास दुसऱ्यांत, पगाराचा इतिहास तिसऱ्यांत, त्याचीं मुलें चौथ्यांत, आणि चारही कोष्टकांत कर्मचाऱ्याचा क्रमांक. आमच्या कपाटांतील वह्यांहून हें निराळें काय आहे? ह्या कार्याबद्दल कॉड यांना १९८१ सालीं ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. २००३ सालीं ते निवर्तले.

त्या कोष्टकांशीं बोलावयाची भाषा, जिला आज एसक्यूएल म्हणतात, ती त्याच कंपनींतील चेंबरलिन व बॉइस या दोघांनीं १९७४ सालीं मांडली, आणि १९८६ सालीं अमेरिकेंत तिचें पहिलें प्रमाण ठरलें. परंतु त्या पहिल्या प्रमाणांत परकी किल्लीचा नियम नव्हता. तो १९८९ च्या सुधारणेंत आला. कल्पना सुचल्यापासून तिचा नियम होईपर्यंत एकोणीस वर्षें गेलीं. विद्वानांना जर इतका काळ लागला, तर आपल्यासारख्यांनीं तो नियम विसरावा ह्यांत आश्चर्य नाहीं. मात्र क्षम्य तें नाहींच.

हा नियम करतो काय? तो दोन दारांवर दोन पहारे बसवितो. कोष्टक तयार करतांना एकदांच लिहून ठेवावयाचें कीं हा रकाना परकी किल्ली आहे व तो अमुक कोष्टकांतील अमुक रकान्याचा हवाला देतो. 'फॉरिन की' आणि 'रेफरन्सेस' ह्या शब्दांनीं तें एका ओळींत लिहून होतें. तेथून पुढें पहिला पहारा नवी नोंद करतांना लागतो. गुणांच्या कोष्टकांत ३१२७ लिहूं गेलें आणि विद्यार्थ्यांच्या कोष्टकांत ३१२७ नसला, तर यंत्र ती ओळ घेतच नाहीं. दुसरा पहारा मूळ ओळ पुसतांना किंवा तिचा क्रमांक बदलतांना लागतो. ज्या ओळीचा हवाला दुसरीकडे दिलेला आहे ती ओळ मुकाट्यानें नाहींशी करतां येत नाहीं. नोंद कोणीही करो, कोणत्याही प्रोग्राममधून करो, दिवसा करो कीं मध्यरात्रीं करो, पहारा तोच राहतो. शास्त्रज्ञ ह्याला मोठें नांव देतात. आपण त्याला 'हवाल्याचा खरेपणा' म्हणूं.

हवाल्याचा खरेपणा ही कांहीं विलायतेहून आलेली नवी नीति नव्हे. ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं सातबाऱ्याचा उतारा अवश्य पाहिलेला असेल. त्यावर खातेदाराच्या नांवाजवळ वर्तुळांत एक आंकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. जमीन खरेदीनें आली कीं वारसानें आली कीं वांटणीनें आली, हें सारें सातबाऱ्यावर लिहिलेलें नसतें. तें गांव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही हिच्यांत असतें, आणि त्या नोंदीचा केवळ क्रमांक सातबाऱ्यावर येतो. तसाच खाते क्रमांक हा आठ-अ कडे बोट दाखवितो. एखाद्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक आहे, पण नमुना सहामध्यें त्या क्रमांकाची नोंदच नाहीं, असें झालें तर त्याची काय अवस्था होईल, हें खेड्यांतल्या वाचकांना सांगावयास नको. आंकडा कागदावर स्पष्ट असतो. पण त्याच्या पाठीशीं कोणी उभें नसतें. यंत्रांतील दप्तराच्या भाषेंत अशा ओळीला पोरकी ओळ म्हणतात. शब्द कठोर आहे, पण यथार्थ आहे.

आतां माझी चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं शिक्षक असतांना तेथील शाळेचें दप्तर संगणकावर चढविण्याचें काम माझ्याकडे आलें. ह्या विषयाचें थोडें वाचन होतें, त्यामुळें मीं तें हौसेनें पत्करलें. कोष्टकें नीट पाडलीं: विद्यार्थी, गुण, फी, शिष्यवृत्ति. नांवें पुन्हां पुन्हां न लिहितां सर्वत्र क्रमांक घातले. इतकें सारें यथाशास्त्र केलें. फक्त परक्या किल्लीचा नियम लिहिला नाहीं. कारण असें कीं, गुणांच्या जुन्या याद्या विद्यार्थ्यांच्या यादीआधीं हातीं आल्या. नियम असता तर यंत्र पदोपदीं अडून बसलें असतें आणि भरणा लांबला असता. 'आधीं भरून घेऊं, नियम मागाहून लिहूं,' असें मनाशीं म्हटलें. तें 'मागाहून' कधीं आलें नाहीं.

दोन वर्षांनीं विद्यार्थ्यांची यादी फार लांबली, शोधावयास अडचण होऊं लागली, म्हणून शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या ओळी मीं पुसून टाकल्या. यंत्रानें हूं कीं चूं केलें नाहीं. त्या मुलांचे गुण मात्र आपल्या कोष्टकांत तसेच राहिले, कोणाचे म्हणून सांगतां येऊं नये असे. पुढें क्रमांक वायां जाऊं नयेत, ह्या खुळ्या काटकसरीनें, मोकळे झालेले क्रमांक नव्या मुलांना देण्याचें मींच सुचविलें. तें सर्वांना पटलें.

मग पावसाळ्यांतील एके दिवशीं एक मुलगी आपल्या आईबरोबर कचेरींत आली. आईबाप ऊसतोडीला जात. त्यांच्याबरोबर हिंडतां हिंडतां मुलीची शाळा सातवीनंतर सुटली होती. आतां तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसावयाचें होतें. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कोपींत भिजून नष्ट झाला होता, म्हणून दुय्यम प्रत हवी होती, आणि मुदत संपावयास थोडेच दिवस राहिले होते. मीं संगणकावर तिचें नांव घातलें, नांव नाहीं. आईनें पिशवींतून एक जीर्ण प्रगतिपुस्तक काढलें. त्यावरचा क्रमांक घातला, तों समोर पांचवींतल्या एका मुलाचें नांव आलें, आणि त्याच्या नांवाखालीं ह्या मुलीचे सातवीचे गुण! आईला वाचतां येत नव्हतें. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. शेवटीं तिनें विचारलें, "गुरुजी, पोरीचं नाव शाळंत न्हाई व्हय?" मुलगी कांहीं बोलली नाहीं, पण सात वर्षें आपण जेथें बसलों तेथें आपण कधीं नव्हतोंच असें सांगितल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, तें मीं त्या दिवशीं पाहिलें.

नांव सांपडलें तें लाकडी कपाटांत. पूर्वींच्या लेखनिकानें काळ्या शाईनें लिहिलेल्या दाखल-खारीज नोंदवहींत तिची ओळ जशीच्या तशी होती, आणि शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याची तारीख व शेरा होता. त्या लेखनिकानें आपल्या साऱ्या नोकरींत एकही ओळ पुसलेली नव्हती, एकही क्रमांक दुसऱ्याला दिलेला नव्हता. जो गेला त्याच्यापुढें गेल्याची तारीख लिहावयाची. ओळ राहूं द्यावयाची. त्याला कॉड यांचें नांवही ठाऊक नसेल, पण त्यांचा नियम त्याच्या हातांत मुरलेला होता. दाखला त्याच दिवशीं दिला. परंतु मिसळून गेलेले गुण निवडून वेगळे करण्यांत माझी सगळी दिवाळीची सुटी गेली, आणि कित्येक ओळींचा धनी अखेरपर्यंत ठरला नाहीं.

मीं तो एक नियम लिहिला असता तर काय झालें असतें? ज्या दिवशीं मीं ओळी पुसावयास बसलों, त्याच दिवशीं यंत्रानें स्पष्ट नकार दिला असता: 'ह्या क्रमांकाचा हवाला गुणांच्या कोष्टकांत आहे, ही ओळ पुसतां येत नाहीं.' मी चिडलों असतों, आणि नंतर त्या लेखनिकाप्रमाणें 'शाळा सोडल्याची तारीख' असा एक रकाना वाढविला असता. ओळ राहिली असती, म्हणून क्रमांक दुसऱ्याला देतांच आला नसता. ज्याला आपण यंत्राचा अडेलपणा म्हणतों, तो पुष्कळदां आपल्या भावी चुकीविरुद्ध केलेला इषारा असतो.

नियमाच्या विरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार न करणें हा अन्याय होईल. पहिला आक्षेप वेगाचा. प्रत्येक नोंदीच्या वेळीं दुसऱ्या कोष्टकांत डोकवावें लागतें, त्यास वेळ लागतो. हें खरें आहे. परंतु मुख्य किल्लीला सूची जोडलेली असते, त्यामुळें तें डोकावणें क्षणार्धाचें असतें. परक्या किल्लीच्या रकान्यालाही सूची असावी. कांहीं व्यवस्था ती आपोआप करितात, पोस्टग्रेस करीत नाहीं; न केल्यास मूळ ओळ पुसतांना सबंध कोष्टक चाळावें लागतें, आणि मग दोष नियमाला दिला जातो. कांहीं अवाढव्य उद्योगांची माहिती अनेक यंत्रांत विभागलेली असते. तेथें एका यंत्रानें दुसऱ्यांतील ओळ प्रत्येक वेळीं तपासणें फार कठीण होतें, म्हणून ते हा नियम सोडून इतर उपायांनीं तपासणी करितात. ती त्यांची अडचण आहे. दोन हजार मुलांच्या शाळेनें त्यांचें अनुकरण करणें म्हणजे राजानें छत्र धरलें म्हणून रंकानें उन्हाळ्यांत घोंगडी पांघरणें होय.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. 'आमचा प्रोग्रामच आधीं विद्यार्थी आहे कीं नाहीं हें तपासतो. मग दप्तरांत नियम कशाला?' ह्यास दोन उत्तरें आहेत. एक, आज प्रोग्राम एक आहे, उद्यां तीन होतील, आणि एखादे दिवशीं कोणी तरी थेट कोष्टक उघडून हातानें ओळ पुसेल. मीं तेंच केलें. दुसरें उत्तर सूक्ष्म आहे. समजा, एका खोलींत एक जण गुण भरीत आहे. त्याच्या प्रोग्रामनें पाहिलें, विद्यार्थी आहे. त्याच क्षणीं दुसऱ्या खोलींत दुसऱ्यानें तो विद्यार्थी पुसला. मग पहिल्याची नोंद उतरली. दोघांनींही आपापलें काम चोख केलें, तरी ओळ पोरकी झाली. तपासणें आणि लिहिणें ह्यांच्या मधली ही फट बाहेरून बुजवितां येणें कठीण. दप्तर स्वतःच ती बुजवूं शकतें, कारण दोन्ही कामें त्याच्याच हातून होतात.

तिसरा आक्षेप भरण्याचा, म्हणजे माझाच. त्याचें उत्तर मला उशिरां कळलें. आधीं मूळ कोष्टक भरावें, मग त्याचा हवाला देणारें. क्रम पाळणें अशक्यच असेल, तर नियमाची तपासणी सर्व भरणा संपेपर्यंत पुढें ढकलण्याची सोयही कित्येक व्यवस्थांत आहे. आणि भरतांना यंत्र जेथें अडतें, तेथें बहुधा जुन्या यादींतच चूक असते. अडणें म्हणजे ती चूक फुकट दाखवून देणें.

मूळ ओळ पुसली जात असतां काय करावें, ह्याचे पर्याय १९९२ च्या प्रमाणानें ठरवून दिले आहेत. त्यांतील तीन मुख्य: नकार देणें, हवाला देणाऱ्या ओळीही पाठोपाठ पुसणें, किंवा तो हवाला रिकामा करणें. त्यांतून निवड करतांना विवेक पाहिजे. पाठोपाठ पुसण्याची सोय मोहक आहे, पण एक विद्यार्थी पुसला कीं त्याचे सात वर्षांचे गुण निःशब्द नाहींसे होतात. मग तर तक्रार करावयास पोरकी ओळही उरत नाहीं. माझें मत असें कीं, माणसाच्या हक्काशीं ज्या नोंदीचा संबंध आहे, जसे गुण, फी, शिष्यवृत्ति, दाखला, तेथें नकारच असावा. रद्द झालेल्या सहलीच्या यादींतील नांवें पाठोपाठ पुसलीं तर बिघडत नाहीं. वर्गशिक्षक बदलून गेले तर वर्गापुढचा त्यांचा क्रमांक रिकामा झाला तरी चालेल.

ह्या नियमाकडून नसती अपेक्षाही करूं नये. परकी किल्ली अस्तित्वाची हमी देते, सत्याची नव्हे. ३१२७ ऐवजीं ३१२८ लिहिला, आणि ३१२८ हाही विद्यार्थी असला, तर यंत्र तें निमूटपणें स्वीकारील. तेथें डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूसच पाहिजे. शिवाय रकाना रिकामा ठेवला तर नियम त्याला सोडून देतो. म्हणून 'रिकामा चालणार नाहीं' असेंही वेगळें लिहावें लागतें. आणखी एक सावधगिरी: नियम लिहिला म्हणजे तो पाळला जातोच असें नाहीं. मायएसक्यूएलमध्यें २०१० पर्यंत आपोआप निवडल्या जाणाऱ्या मायआयसॅम ह्या प्रकारांत परक्या किल्लीचें वाक्य मान्य केलें जाई, आणि मग त्याकडे दुर्लक्ष होई. एसक्यूलाइट ह्या लोकप्रिय व्यवस्थेंत २००९ पासून हा पहारा आहे, पण दप्तर उघडतांना तो मुद्दाम चालू करावा लागतो. मान डोलावून विसरणाऱ्या विद्यार्थ्यांसारखाच हा प्रकार. म्हणून नियम लिहून झाल्यावर मुद्दाम एक खोटा क्रमांक घालून पाहावा. यंत्रानें नाकारला तरच पहारेकरी जागा आहे असें समजावें.

असो. अकरावी-बारावींत हा विषय घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना एवढेंच सांगणें आहे कीं, परक्या किल्लीची व्याख्या परीक्षेपुरती पाठ करून तिला निरोप देऊं नका. उद्यां तुम्हांपैकीं कोणी दवाखान्याचें, कोणी पतपेढीचें, कोणी कारखान्याचें, कोणी नगरपालिकेचें दप्तर सांभाळाल. तेथें प्रत्येक क्रमांकामागें एक माणूस उभें असतें. बहुधा असें माणूस, कीं ज्याला संगणकाच्या पडद्यावरचें वाचतां येत नाहीं आणि जें तुमच्या तोंडाकडे पाहत असतें. आणि आमच्या शाळेच्या चालकांना विनंति अशी कीं, येत्या जूनच्या प्रवेशापूर्वीं आपल्या संगणकांतील कोष्टकांना हे नियम लावून घ्यावे, आधींच पोरक्या झालेल्या ओळी असल्यास शोधून काढाव्या, आणि लाकडी कपाटांतील वह्या रद्दींत घालण्याचा विचार तूर्त तरी मनांत आणूं नये. ह्या कामीं प्रस्तुत लेखक आपली पुढील दिवाळीची सुटीही देण्यास तयार आहे.

ती मुलगी पुढें दहावी उत्तीर्ण झाली. गुणपत्रक दाखवावयास ती आली, तेव्हां मीं तिला तिची ओळ संगणकावर दाखविली. नांव, क्रमांक, आणि खालीं सातवीचे गुण. तिनें तें दोनदां वाचलें, आणि आईला मोठ्यानें वाचून दाखविलें.